जानोशापासून बुटीक हॉटेलापर्यंत

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. घर आणि लग्न या दोन्ही गोष्टी जेथे एकत्र येत, त्या जागेचे नाव मात्र आमच्या पिढीतील पुष्कळांना ठाऊक नसते. ते नाव म्हणजे जानोसा. परगावाहून आलेल्या वऱ्हाडाला उतरण्यासाठी वधूपक्षाने जे घर द्यावयाचे, त्याला जानोसा, जानवसा किंवा जानवसघर म्हणतात. आज डोंगरात, तळ्याकाठी किंवा समुद्रकिनारी जाऊन लग्न लावण्याची आणि पाहुण्यांना लहानशा, नटवलेल्या 'बुटीक' हॉटेलात उतरवण्याची पद्धत वाढत आहे. या नव्या पद्धतीचा विचार करताना मला वारंवार आमच्या भागातील जानोसा आठवतो. दोहोंचे नाते काय, कोणते बरे आणि आमच्यासारख्या गावांना त्यातून काय घेता येईल, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. संस्कृतात 'जन्य' म्हणजे नवरदेवाचे सोबती. त्यांचा वास जेथे, तो जानवसा. गुजराथीत आजही वरातीला 'जान' म्हणतात आणि हिंदीत 'जनवासा' हा शब्द आहे. तुलसीदासांच्या रामचरितमानसात दशरथाचे वऱ्हाड मिथिलेला जाते, तेव्हा तेही जनवाशातच उतरते. म्हणजे राजा असो की शेतकरी, लग्नाला आलेल्यांच्या मुक्कामाची सोय ही विवाहविधीइतकीच जुनी बाब होय.

माझे गाव धावडा. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ आणि बुलडाणा जिल्ह्याच्या सीमेलगत ते वसले आहे. धावडा नावाचा वृक्षही आहे आणि त्याच्या डिंकाचे लाडू बाळंतिणीला देतात. गावाचे नाव त्यावरून पडले असावे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आपला आजचा विषय नव्हे. महत्त्वाचे आहे ते गावाचे ठिकाण. बुलडाणा म्हणजे जुना वऱ्हाड प्रांत, डोंगर उतरले की खानदेश, आणि आम्ही मराठवाड्यातले. सोयरिकी तिन्हीकडे. १९४८ पूर्वी आमचा भाग निजामाच्या अमलाखाली होता, तर वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होता. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार. आमच्याकडे वऱ्हाडातून वऱ्हाड येई, ही कोटी गावातील जुनी मंडळी अजूनही करतात. बैलगाडीने दिवसभर प्रवास करून आलेल्या माणसांना रात्री परत जाणे शक्यच नव्हते. जानोशाची गरज अशी अगदी व्यवहारातून निर्माण झाली होती.

ही व्यवस्था चाले कशी? वधूपिता स्वतःचे घर जानोशाला देत नसे, कारण तेथे मांडव, चूल आणि घरचे पाहुणे असत. भावकीतील किंवा शेजारचे एखादे ऐसपैस घर मागून घेतले जाई. आमच्याकडे घर खणांवर मोजतात. जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर पांढऱ्या मातीचे धाबे आणि मध्ये ओसरी. अशा घरात वैशाखातल्या उन्हातही दुपारी गारवा असतो. चार दिवस आधी घर सारवून काढावयाचे, दारात सडा-रांगोळी, आत रांजण भरून ठेवावयाचे. वाकळा, घोंगड्या, सतरंज्या घरोघरून गोळा होत. घागरी आणि परातीही तशाच येत. आपल्या जुन्या पितळी भांड्यांवर नावे कोरलेली असतात, त्याचे एक कारण हेच. कार्य पार पडल्यावर ज्याचे भांडे त्याच्या घरी बिनचूक पोहोचले पाहिजे.

वऱ्हाड येई तेव्हा गावच्या शिवेवर नवरदेवाचे पूजन व्हावयाचे. सीमांतपूजन या शब्दाचा अर्थच तो. मग मारुतीच्या पारावर दर्शन आणि तेथून वाजतगाजत जानोशावर. पाय धुवायला पाणी, गूळपाणी, पुढच्या काळात चहा. बैलांना वैरण आणि पेंड. सकाळी आंघोळीला ऊन पाणी आणि दाढीसाठी न्हावी हजर. रात्री ओसरीवर गॅसबत्ती टांगलेली असे. हे सारे पाहण्यासाठी दोन जाणती माणसे जानोशावर नेमलेली असत. आजच्या भाषेत त्यांना व्यवस्थापक म्हणता येईल. फरक इतकाच, की त्यांना पगार नव्हता. आज मी तुझ्या पाहुण्यांची वाकळ घातली, उद्या तू माझ्या पाहुण्यांची घाल, हाच त्यांचा पगार.

परंतु जुने तेवढे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. जानोसा हे रुसव्याफुगव्यांचे माहेरघरही होते. 'जानोशावरून निरोप आला' एवढे शब्द ऐकले, की मुलीच्या बापाच्या पोटात गोळा येई. पाणी कोमट निघाले, विहिणीच्या अंथरुणावर नवी चादर नव्हती, मानाच्या माणसाला पाट मिळाला नाही, एवढ्या कारणावरून वऱ्हाड पंगतीला उठत नसे. माझी आजी सांगते, की तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी दोनदा जानोशावर जाऊन हात जोडले आणि तेव्हा कुठे नवरदेव उठला. तो नवरदेव म्हणजे माझे आजोबा. आजी हे हसत सांगते, पण साठ वर्षांनीही ती हे विसरलेली नाही. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. गावकीची ही देवघेव जातीच्या कुंपणात चाले. ज्यांना गावाच्या कडेला राहावे लागे, त्यांच्या पाहुण्यांना गावातला वाडा जानोसा म्हणून कधी मिळाला नाही. त्यांची वऱ्हाडे त्यांच्याच वस्तीत दाटीवाटीने किंवा झाडाखाली उतरत. पाहुणचाराचे गोडवे गाताना हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मग जानोसा मोडला कसा? कोणी ठरवून मोडला नाही. तो रस्त्याने मोडला. १९४८ साली आपल्याकडे एस. टी. सुरू झाली आणि पुढे गावोगाव पोहोचली. लग्नासाठी आख्खी गाडी ठरवण्याला एस. टी.च्या भाषेत 'प्रासंगिक करार' म्हणतात. हा करार आला आणि वऱ्हाड सकाळी निघून रात्री घरी परतू लागले. मुक्काम गेला, तसे लग्नही एका दिवसाचे झाले. पाठोपाठ मंगल कार्यालये आली. तेथे 'वरपक्ष' आणि 'वधूपक्ष' अशा पाट्या लावलेल्या दोन खोल्या असतात. एक आरसा, एक कडी आणि बॅगांचा ढीग, एवढाच जानोसा आता उरला आहे.

गंमत अशी, की खेड्यातून जो मुक्काम गेला, तो श्रीमंतांच्या लग्नातून नव्या रूपाने परत आला. 'बुटीक' हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहान दुकान. मोठ्या कंपन्यांच्या हॉटेलांत कोणत्याही शहरात तीच खोली, तोच पडदा, तोच नाश्ता. त्याला कंटाळलेल्या प्रवाशांसाठी, थोड्या खोल्यांची आणि स्वतःचा चेहरा असलेली हॉटेले निघाली. लंडनचे 'ब्लेक्स' (१९७८) आणि न्यूयॉर्कचे 'मॉर्गन्स' (१९८४) ही त्यांतील आरंभीची नावे म्हणून सांगितली जातात. आपल्या देशात याची वाट संस्थानिकांच्या वाड्यांतून गेली. उदयपूरच्या पिछोला तलावातील जगनिवास हा अठराव्या शतकातील महाल. १९६३ साली त्याचे हॉटेल झाले. आज ते शहर लग्नासाठीच ओळखले जाते आणि तलावाकाठच्या कितीतरी जुन्या हवेल्या पाहुण्यांसाठी उघडल्या आहेत. महाराष्ट्रात सासवडजवळची पिलाजी जाधवराव यांची १७१० मधील गढी अशीच हॉटेल बनली. केंद्र सरकारच्या नियमांत 'हेरिटेज' हॉटेलाच्या पहिल्या पायरीसाठी इमारत १९५० पूर्वीची आणि खोल्या किमान पाच, एवढीच मूळ अट आहे. आमच्या भागातील एखादा बरा वाडाही या अटीत बसेल!

गेल्या वर्षी नात्यातील एका लग्नाच्या निमित्ताने मी पुण्याकडच्या डोंगरातील अशा एका हॉटेलात दोन रात्री राहिलो. खोली सुंदर होती. भिंतीला मुद्दाम मातीचा गिलावा केला होता, कोपऱ्यात पितळी घंगाळ होते आणि पलंगावर वाकळ पसरली होती. माझी आत्या ती वाकळ उलटून पाहत म्हणाली, "टाके यंत्राचे आहेत रे." मग तिने खिडकी उघडून दरीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "पण जागा छान हाय." मला दोन्ही शेरे पटले. तेथे कोणी रुसले नाही, रुसणार कोणावर? गरम पाणी आले नाही, तर यजमानाला नव्हे, काउंटरला सांगावयाचे. बायकांना पहाटे उठून चुलीशी बसावे लागले नाही, आणि खोली देताना जातही कोणी विचारली नाही. ही सुधारणाच होय. मात्र तेथे कोणाची कोणाशी नवी ओळखही झाली नाही. जो तो आपापल्या खोलीची किल्ली घेऊन आत गेला. आणि निघताना मुलीच्या वडिलांनी बिलाचा कागद खिशात घातला, तेव्हा त्यांचा चेहरा मला आजीच्या गोष्टीतील तिच्या वडिलांसारखाच दिसला.

येथे प्रश्नाचे मर्म आहे. जानोशाचे ओझे गाव वाटून घेई, म्हणून ते पैशात फारसे दिसत नसे. हॉटेलाचे ओझे एकट्या घरावर पडते आणि ते रोख असते. १९६१ च्या कायद्याने हुंडा बंद केला. पण 'लग्न अमुक ठिकाणी झाले पाहिजे' ही अपेक्षा हुंड्याच्या हिशेबात कोणी धरत नाही. कापूस, मका आणि मिरचीवर जगणाऱ्या घराला एक लग्न पुढची कित्येक वर्षे पुरते. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ साली 'वऱ्हाड निघालंय लंडनला' रंगभूमीवर आणले, तेव्हा मराठवाड्यातील वऱ्हाड परदेशी जाते, यातच विनोद होता. आज असे वऱ्हाड खरोखर निघते आणि तिकिटाचे पैसे कोणी भरले, हे कोणी विचारत नाही. उलट २०२० साली साथीच्या काळात पन्नास आणि २०२१ च्या निर्बंधांत पंचवीस माणसांत लग्ने लागली. तीही तितकीच पक्की लागली, हे आपण पाहिले आहे.

मग आमच्या अजिंठ्याच्या परिसराने काय करावे? निसर्गरम्य म्हणून लग्नासाठी लोकांनी यावे, असा हा प्रदेश आहे का? आहे, पण त्याचे पंचांग नीट समजून घेतले पाहिजे. डोंगर हिरवे होतात आणि वाघोरा नदी वाहते ती आषाढ ते आश्विन. नेमका तोच चातुर्मास, मुहूर्त नाहीत. आमची लगीनसराई भरते ती चैत्र-वैशाखात, कारण रबी निघालेली आणि शेते मोकळी असतात. पण तेव्हा डोंगर करपलेले आणि विहिरी आटलेल्या असतात. पन्नास खोल्यांचे हॉटेल त्या दिवसांत उभे राहिले, तर पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी गावाच्या घागरीतूनच जाणार. या दोहोंच्या मधला काळ म्हणजे तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्ष संपेपर्यंतचा. पाणी असते, हवा गार असते, रान अजून हिरवे असते आणि मुहूर्तही असतात. बाहेरच्या लग्नांना बोलवावयाचे, तर याच दीड-दोन महिन्यांत.

उरलेले दिवस अजिंठ्याच्या प्रवाशांचे. मुक्काम ही या भागाला नवी गोष्ट नाही. लेण्यांतील विहार म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातील मुक्कामच. बारा क्रमांकाच्या लेण्यात तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या आहेत आणि प्रत्येकीत दोन दगडी ओटे आहेत. फर्दापूरला मोगलकालीन सराई आहे. १८४४ साली चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलेला रॉबर्ट गिल अजिंठा गावच्या बारादरीत वर्षानुवर्षे राहिला. आज मात्र प्रवासी सकाळी येतात, लेणी पाहतात आणि संध्याकाळी शहरात परततात. त्यांचा एक मुक्काम जरी आमच्या बाजूला पडला, तरी पुष्कळ झाले. (लेणी सोमवारी बंद असतात, एवढे मात्र पाहुण्यांना आधी सांगावे!) २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे, शेतकऱ्याने आपल्या घरी पाहुणा ठेवावा, यास आता रीतसर मार्ग आहे.

माझी सूचना साधी आहे. आमच्याकडे कुलपे लागलेली, धाब्याची जुनी घरे आहेत. दर पावसाळ्यात त्यांतले एखादे बसते. गावातील तरुणांनी आणि बचत गटांनी मिळून असे एक घर डागडुजी करून गावाचा जानोसा म्हणून राखावे. वर्षभर प्रवाशांना ते भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यातून धाबे, दारे, न्हाणीघर नीट ठेवावे. गावातल्या मुलीचे लग्न असेल त्या दोन दिवशी मात्र ते बिनभाड्याने द्यावे, आणि ते कोणत्याही आळीतील, कोणत्याही जातीच्या घरासाठी. वाकळा आमच्या आया-आज्यांनी शिवलेल्या असाव्यात; म्हणजे माझ्या आत्यालाही तक्रारीला जागा राहणार नाही. पाच खोल्यांपासून सुरुवात करता येईल, आणि पाण्याचा हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवावा लागेल.