कुत्रं जातीनं चावरं की धन्यामुळं?

अनोळखी वस्तीवर जाणारा माणूस बांधावरूनच हाळी देतो, "कुत्रं धरा हो!" आतून उत्तर येतं, "या, या, काय करत न्हाय." या उत्तरावर किती भरवसा ठेवावा, ते पोस्टमनला नाहीतर तलाठ्याला विचारावं. पण कुत्रं चावलंच तर गावात पहिला सवाल असतो, "कुणाचं कुत्रं?" जात कुणी विचारत नाही.

आता पिटबुल, रॉटवायलर ही नावं शेतातल्या बंगल्यांपर्यंत पोचली आहेत. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र धाडून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकूनच घेतले नव्हते, हे त्यामागचे एक कारण.

जातीला काहीच अर्थ नाही, असे मात्र कुणी समजू नये. कारवानला सशामागे धावायला शिकवावं लागत नाही, ते रक्तातच आहे. आणि धिप्पाड, दांडग्या जबड्याचं कुत्रं चावलं तर इजाही तशीच मोठी होते. पण ते माणसावर धावून जाईल की नाही, ही गोष्ट वेगळी. अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांची माहिती धन्यांकडून घेऊन केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्याकुत्र्याच्या वागण्यातल्या फरकाचा जेमतेम ९ टक्के भाग जातीशी जुळला. चटकन चिडण्याचा संबंध तर जातीशी फारच थोडा निघाला.

मग खोड लागते कुठे? पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून तीन महिन्यांचं होईपर्यंत जे पाहतं, ते त्याला आपलं वाटतं. आपण काय करतो? महिन्याचं पिल्लू आणून विहिरीवरच्या मोटारीपाशी बांधतो. दोन हात साखळी, शिळी भाकरी, जाता-येता पोरांचे दगड. त्यावर धनी गंमत म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यावर "छू" करतो. वर्षभराने तेच कुत्रं पाहुण्याची पिंढरी धरतं, आणि धनी म्हणतो, "जातच वंगाळ!"

धनगराच्या वाड्यावर जाऊन पाहा. तिथलं कुत्रं रात्री लांडग्याला भिडतं, म्हणून त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. पण ते वाढतं कोकरांत आणि पोराबाळांत, चालतं कळपाबरोबर. परक्यावर भुंकतं खरं, पण धन्याच्या एका हाकेवर मागं फिरतं.

सरपंच आणि पोलीस पाटलांनी एक ध्यानात ठेवावं. आपल्या जनावरापासून इजा होऊ नये याची काळजी जाणूनबुजून वा हलगर्जीपणाने न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या कलमात कुत्र्याच्या जातीचं नाव नाही.

तंटा मिटेल तेव्हा मिटेल. चावलेल्या माणसाच्या जखमेवर चुना किंवा तिखट भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी त्याला लशीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.