गाजर गवताची ॲलर्जी : निदान पाठीवरील पट्टीने

पावसाळा सुरू होताच रस्त्याकडेला आणि पडीक जमिनीवर गाजर गवत माजते. बारीक पांढऱ्या फुलांचे हे तण भारतात १९५५ मध्ये पुण्यात प्रथम आढळल्याची नोंद आहे. आज ते देशभर पसरले आहे. त्याच्या निर्मूलनासाठी जबलपूर येथील तण संशोधन संचालनालय दरवर्षी ऑगस्टमध्ये जागरूकता सप्ताह आयोजित करते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा मुख्य विषय शेती असला, तरी या तणाचा प्रश्न शेतापुरता मर्यादित नाही.

गाजर गवतातील पार्थेनिन हे रसायन त्वचेच्या ॲलर्जीस कारणीभूत ठरते. पहिल्या स्पर्शाने सहसा काही होत नाही. वारंवार संपर्क आल्यावर शरीरातील टी पेशी ते रसायन ओळखू लागतात, आणि पुढील संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी खाज, लाली व पुरळ उठते. हा विलंबच रुग्णाची दिशाभूल करतो. सोमवारी उपटलेल्या गवताचा संबंध बुधवारच्या पुरळाशी कोण जोडणार?

वाऱ्याबरोबर उडणारे कोरड्या झाडाचे कणही तेवढेच त्रासदायक असतात. त्यामुळे पापण्या, मान, कोपराची आतील बाजू येथे विकार दिसतो. उन्हाच्या ॲलर्जीत हनुवटीखालचा आणि कानामागचा भाग बहुधा वाचतो. येथे तोही सुटत नाही. अर्थात दोन्ही विकार एकत्रही असू शकतात.

निदानासाठी पॅच चाचणी करतात. वनस्पतीचा अर्क लावलेली पट्टी पाठीवर ४८ तास ठेवून त्वचा तपासतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. सुईने टोचून केली जाणारी, वीस मिनिटांत निकाल देणारी चाचणी परागकणांमुळे होणाऱ्या शिंका व दम्यासाठी असते. या पुरळासाठी ती उपयोगाची नाही. पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे पॅच चाचणीचा निकाल चुकू शकतो, म्हणून अशी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

उपचारात प्रथम स्टेरॉइडयुक्त मलम येते. खाजेच्या गोळ्यांनी आराम पडतो, पुरळ मात्र हटत नाही. जुनाट विकारात ॲझाथायोप्रिनसारखे औषध दिले जाते, पण त्यासाठी नियमित रक्ततपासणी आवश्यक असते.

संपर्क टळल्याशिवाय यांतील कोणताही उपाय टिकत नाही. गवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे, आणि ज्याला आधीच ॲलर्जी आहे त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.