नरक्यातील कॅम्प्टोथेसिन आणि त्याचे पेशीतील लक्ष्य

अमुक वनस्पती कर्करोगावर गुणकारी आहे, असे वृत्त प्रसिद्ध होताच रुग्ण वैद्याकडे त्याविषयी पृच्छा करतात आणि औषधालयात तिच्या चूर्णाची मागणी होऊ लागते. अशा वेळी तिच्यातील द्रव्य शरीरात नेमके कोठे कार्य करते, हे आपणास ज्ञात असणे अगत्याचे आहे. हातकणंगल्याच्या पश्चिमेस असलेल्या सह्याद्रीतील नरक्या हा वृक्ष या दृष्टीने उद्बोधक आहे.

द्रव्याचा शोध

१९६६ मध्ये अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल व मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड वेगळे केले. १९७२ मध्ये डॉ. टी. आर. गोविंदाचारी व डॉ. एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यातही असल्याचे दाखविले. मात्र रुग्णांवरील आरंभीच्या चाचण्यांत सरक्त मूत्रप्रवृत्ती, अतिसार व रक्तकणांचा क्षय आढळल्याने त्या थांबविण्यात आल्या.

लक्ष्याचा शोध

डीएनएच्या दुपेडी धाग्यास कार्यकाळी पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर, म्हणजे एक प्रथिन, त्याचा एक पेड कापून पीळ सैल करते व पेड पुन्हा जोडते. १९८५ मध्ये डॉ. लिरॉय लिऊ व सहकाऱ्यांनी हे शुद्ध विकर, डीएनए व कॅम्प्टोथेसिन एकत्र ठेवले असता कापलेला पेड विकरास तसाच चिकटून राहिला. द्रव्य त्या फटीत बसून जोडणी रोखते. पुढे डीएनएची प्रतिकृती करणारी यंत्रणा तेथे धडकून दोन्ही पेड तुटतात व पेशी मरते.

विकराशी संबंध दिसला, एवढ्याने लक्ष्य सिद्ध होत नाही. हे विकर नसलेल्या यीस्ट पेशी कॅम्प्टोथेसिनला दाद देत नाहीत आणि प्रतिरोधक कर्कपेशींत विकराची रचना बदललेली आढळते. या दोन पुराव्यांनी निष्कर्ष दृढ झाला. त्यानंतर टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत अनुक्रमे बीजाशयाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाली.

व्यवहारातील बोध

हे विकर निरोगी पेशींतही असते. अस्थिमज्जा व आंत्राच्या अंतःत्वचेतील पेशी सतत विभाजित होत असल्याने त्यांस प्रथम इजा पोहोचते. म्हणूनच ही औषधे रक्तगणना पाहून मोजक्या मात्रेत देतात. नरक्याच्या चूर्णात अल्कलॉइडचे प्रमाण झाडागणिक व भागागणिक बदलते; त्याची सुरक्षित मात्रा वैद्यास ठरविता येणार नाही. सबब ते रुग्णास देऊ नये.

औषधालय चालकांनी आणखी एक दक्षता घ्यावी. काही भागांत नरक्यास ‘अमृता’ म्हणतात. आपल्या ग्रंथांत अमृता म्हणजे गुडूची. केवळ नावावर विसंबून माल घेऊ नये, काष्ठ ओळखूनच घ्यावे. नरक्याची चोरटी तोड वारंवार उघडकीस आलेली असल्याने मालाचे मूळही विचारावे.

इरिनोटेकॅन चालू असलेला रुग्ण अतिसार घेऊन आल्यास केवळ कुटजावर भिस्त ठेवून कालहरण करू नये. त्याच्या कर्करोगतज्ज्ञास तत्काळ कळवावे. हा अतिसार प्राणघातक ठरू शकतो.