उत्खननातले बिनपगारी हात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमध्ये १९९० साली ‘पीपीजी १६’ हे नियोजन-धोरण आले. बांधकामामुळे जमिनीखालचे अवशेष नष्ट होणार असतील, तर ते आधी खोदून नोंदवण्याचा खर्च बिल्डरवर आला. निविदा भरून ही कामे घेणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि बिनपगारी हातांचा प्रश्नही.

गैरसमज : स्वयंसेवक राजीखुशीने येतो, मग बिघडले कुणाचे?

वस्तुस्थिती : समजा, एका जागेसाठी दोन कंपन्यांनी निविदा भरल्या. एकीने सहा जणांचा पगार धरला. दुसरीने चौघांचाच धरला आणि ‘अनुभव हवा’ म्हणणारी दोन मुले फुकट घेतली. आकडा कमी, म्हणून काम दुसरीला. वाचलेला पैसा संशोधनाकडे वळत नाही, तो बिल्डरच्या खिशात राहतो. पुढच्या खेपेला पहिलीलाही तेच करावेसे वाटते, आणि घरभाडे भरायचे असलेला कुशल खोदणारा पेशाच सोडतो. माझा खरा आक्षेप इथे आहे.

गैरसमज : ‘स्वयंसेवक’ म्हणून सही घेतली की पगार द्यावा लागत नाही.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये एप्रिल १९९९ पासून किमान वेतन लागू आहे आणि सही करूनही तो हक्क सोडता येत नाही. धर्मादाय संस्थांच्या स्वयंसेवकांना सूट आहे, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ती नाही. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली, वर्षभरापर्यंतची उमेदवारी मात्र बिनपगारी चालते. तरीही दिवसभर नुसती ढकलगाडी ओढायला लावणे, मातीचे थर ओळखायला, प्रत्येक थराची नोंद भरायला, छेदाचे रेखाटन करायला न शिकवणे, याला प्रशिक्षण म्हणू नये.

गैरसमज : मग स्वयंसेवक नकोतच.

वस्तुस्थिती : २००८ पासून ‘थेम्स डिस्कव्हरी प्रोग्रॅम’मध्ये प्रशिक्षित स्वयंसेवक ओहोटीच्या वेळी लंडनच्या नदीकाठावर उतरतात, जुन्या धक्क्यांची, जहाजांच्या लाकडांची नोंद करतात. लाटांनी झिजणाऱ्या या काठाचे बिल कुठल्या बिल्डरला पाठवणार? कुणाचा पगार न बुडवता झालेले हे काम मोलाचे आहे.

पुण्या-मुंबईहून तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : पदवीच्या विद्यार्थी-व्हिसावर सत्रकाळात साधारणपणे आठवड्याला २० तासांचीच मुभा असते, आणि बिनपगारी नोकरीही त्यातच मोजतात. होकार देण्याआधी पगार किती, शिकवणार कोण आणि काय, हे कंपनीकडून लेखी घ्या.