उभ्या गाडीचा गारवा

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मालाच्या गाड्या रात्रीपासूनच येऊन लागतात. गाळ्यासमोर जागा मिळेपर्यंत थांबायचं, हमाल माल उतरवेपर्यंत थांबायचं, भाड्याचा हिशेब होईपर्यंत पुन्हा थांबायचं. आंब्याच्या दिवसांत तर ऊन डोक्यावर आलं तरी गाड्या यार्डातच अडकलेल्या असतात. वाहनांच्या ए.सी.ची रचना करणं हे माझं काम. हे काम करणाऱ्या प्रत्येकानं एखाद्या मे महिन्यात इथल्या ट्रकच्या कॅबिनमध्ये बसून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

कांद्याची गाडी घेऊन आलेले एक चालक मामा मला म्हणाले, “ताई, गाडी पळते तेव्हा वारं असतंच की. उभी राहिली की जीव जातो.” आमच्या शास्त्रातली सगळ्यात अवघड गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत सांगितली.

ए.सी.चं काम म्हणजे आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत त्यासाठी आर-१३४ए नावाचा वायू असतो. उघड्यावर तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब साधारण ३ बार ठेवला, की तो शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि उकळताना कॅबिनमधल्या हवेची उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. बाहेर ४० अंश असतील तर तिथं वायू ६० अंशांच्या घरात असावा लागतो, कारण बाहेरच्या हवेपेक्षा तापलेला असेल तरच तो आपली उष्णता तिला देऊ शकतो. त्यासाठी दाब सोळा-सतरा बारपर्यंत न्यावा लागतो.

आता गाडी उभी करा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. ट्रकचं इंजिन रिकामं चालताना मिनिटाला ६००-७०० फेरे घेतं, त्यामुळे कॉम्प्रेसरही मंदावतो. समोरून येणारं वारं थांबतं आणि कंडेन्सरची भिस्त एकट्या पंख्यावर येते. शेजारच्या गाडीनं सोडलेली गरम हवा तोच पंखा ओढतो. त्यात यार्डातली कांद्याची टरफलं आणि भुसाराची धूळ कंडेन्सरच्या पात्यांत जाऊन बसते. म्हणजे चालकाला गारव्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच यंत्रणा सगळ्यात दुबळी असते. कॉम्प्रेसर केवढा घ्यायचा आणि पंखा किती ताकदीचा लावायचा, हे म्हणूनच उभ्या गाडीवर ठरवायला हवं. हमरस्त्यावरचे आकडे नेहमीच छान येतात.

पट्ट्याची ही अडचण जुनीच. कारखान्यातूनच ए.सी. बसवून मिळणारी पहिली मोटार अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीची, १९४० सालचं मॉडेल. तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. ए.सी. नको असेल तर इंजिन बंद करून पट्टाच काढून ठेवावा लागे.

ट्रकच्या कॅबिनचं आणखी एक दुखणं आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांत इंजिन सीटखाली असतं. बाहेरून ऊन, खालून इंजिन आणि समोर उभी, भलीमोठी काच. भर दुपारी चौरस मीटरमागे सुमारे १००० वॅट ऊन पडतं. बसलेला माणूस स्वतः शंभरेक वॅट उष्णता देतो, ती वेगळी. इंजिनावरच्या झाकणाला चांगला उष्णतारोधक थर दिला, तर लहान ए.सी.वर भागतं. हा थर वाचवून मोठा कॉम्प्रेसर लावणं मला पटत नाही.

हवेशीरपणाकडे तर फारच कमी लक्ष जातं. आतलीच हवा फिरवत ठेवली की गारवा लवकर येतो, पण श्वासातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि डोळे जड होतात. रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाला हे परवडणारं नाही. म्हणून थोडी ताजी हवा आत यायलाच हवी, आणि तिचं तोंड पुढच्या गाडीचा धूर येणार नाही अशा ठिकाणी हवं. पावसाळ्यात हीच यंत्रणा काच स्वच्छ ठेवते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं कूलिंग कॉइलवर हवेतलं बाष्प जमतं आणि नळीवाटे खाली ठिबकतं. ती कोरडी हवा काचेवर सोडली की धुकं जातं.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. त्यानुसार २०२५ मध्ये, एकूण वजन साडेतीन टनांहून अधिक असलेल्या नव्या ट्रकांच्या कॅबिनला ए.सी. सक्तीचा झाला. फार उशिरा आलेला, पण फार चांगला नियम आहे. तरी इंजिन बंद करून चालक झोपला की पट्ट्यावरचा कॉम्प्रेसरही थांबतो. त्या झोपेसाठी बॅटरीवर चालणारा वेगळा कॉम्प्रेसर लागतो, आणि त्याचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न मालकापाशी येऊन अडतो.

शिवाय मार्केट यार्डात सासवडची अंजिरं आणि आसपासच्या गावांतली भाजी आणणाऱ्या छोट्या गाड्या या नियमात बसतच नाहीत. २००५ मध्ये आलेल्या पहिल्या टाटा एसचं, आपल्या ‘छोट्या हत्ती’चं, इंजिन होतं १६ अश्वशक्तीचं, म्हणजे सुमारे १२ किलोवॅट. त्यातले दोन किलोवॅट कॉम्प्रेसरनं घेतले, तर भरलेली गाडी घाट कशी चढणार? विजेवरच्या छोट्या गाड्यांत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते, त्यामुळे गाडी उभी असतानाही तो पूर्ण ताकदीनं चालू शकतो. पण तिथं प्रत्येक युनिट गाडीच्या पल्ल्यातून वजा होतं. अशा वेळी सगळी कॅबिन गार करण्यापेक्षा चालकाच्या छातीवर आणि चेहऱ्यावर झोत सोडावा, छताला पांढरा रंग आणि आतून थर द्यावा, काच ऊन अडवणारी घ्यावी. एवढं केलं तर एका माणसापुरता गारवा फार कमी विजेत देता येतो, आणि आमच्या धंद्यानं आता या छोट्या कॅबिनकडे वळायला हवं.