गोलाकार वीज : संज्ञा आणि प्रयोग

गडगडाटी वादळात क्वचित दिसणाऱ्या तेजोगोलास 'गोलाकार वीज' म्हणतात. तो काही सेकंद हवेत तरंगतो आणि निःशब्दपणे अथवा स्फोट होऊन नाहीसा होतो. ही माहिती जवळजवळ सर्वस्वी प्रत्यक्षदर्शींच्या कथनावर आधारलेली आहे. यास्तव असा गोल प्रयोगशाळेत निर्माण केल्याचा दावा तपासताना भौतिकीइतकाच संज्ञेच्या अर्थाचाही प्रश्न उपस्थित होतो. भाषाभ्यासकाने या विषयात डोकावण्याचे निमित्त एवढेच.

गोलातच साठविलेली ऊर्जा तेजोरूपाने क्षणार्धात संपून जाईल; तेव्हा ती बाहेरून, रेडिओलहरींच्या द्वारे, पुरविली जात असावी, असे प्योत्र कापित्सा यांनी १९५५ साली सुचविले. जपानमध्ये ओत्सुकी व ओफुरुतोन यांनी सूक्ष्मतरंगांच्या व्यतिकरणाने हवेत प्लाझ्मागोल निर्माण केले. ते वृत्त १९९१ साली प्रसिद्ध झाले. परंतु वादळात इतक्या प्रबळ लहरींचा उगम कोणता, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसरी उपपत्ती जमिनीकडे वळते. वीज मातीवर पडली म्हणजे सिलिकाचे क्षपण होऊन सिलिकॉनचे सूक्ष्मकण उसळतात आणि ते सावकाश जळत प्रकाशतात, असे एब्रहॅमसन व डिनिस यांनी २००० साली मांडले. ब्राझीलमधील संशोधकांनी २००७ साली सिलिकॉनच्या चकत्यांवर विद्युत्स्फुलिंग पाडून काही सेंटिमीटरचे, जमिनीवर घरंगळणारे व उसळणारे गोल मिळविले; त्यांपैकी काही आठ सेकंदांपर्यंत टिकले. हा काल साक्षींशी जुळतो, हे खरे. पण घरंगळणे म्हणजे तरंगणे नव्हे, आणि माझ्या मते येथे 'गोलाकार वीज' हे नाव वस्तूपेक्षा अपेक्षेला अधिक दिले गेले.

तथापि चीनच्या छिंगहाय पठारावर २०१२ साली नोंदविलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नैसर्गिक गोलाच्या वर्णपटात सिलिकॉन, लोह व कॅल्शियम ही मातीतील मूलद्रव्ये आढळली. मृत्तिकावाद्यांना याहून भक्कम आधार मिळणे कठीण. परंतु आर. सी. जेनिसन यांनी १९६३ साली उडत्या विमानाच्या आत, प्रवाशांमधल्या मार्गातून, सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाचा गोल सरकताना पाहिला होता. तेथे माती कोठून येणार? कदाचित एकच नाव आपण निरनिराळ्या घटनांना देत असू. तसे असेल, तर कोणत्याही प्रयोगकर्त्याला 'हीच ती वीज' असे म्हणता येणार नाही. तिच्यापैकी कोणती, हे त्याला प्रथम सांगावे लागेल.