घाटात गाडी अडखळते? सेन्सर बदलण्यापूर्वी तपासा



माती तपासल्याशिवाय खत टाकू नये, हे आपण नेहमी ऐकतो. गाडीचेही तसेच आहे. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात न्यायचा असो, की भाजीपाला मंचरला, तोडलेला माल गाडीसाठी थांबत नाही. पोखरी घाटात भरल्या गाडीचा दम मध्येच तुटला, तर जिवाशीच गाठ. अशा वेळी पुष्कळदा 'थ्रॉटल पोझिशन सेन्सर गेला' असे सांगून नवा सेन्सर बसवला जातो. तो खरेच गेला आहे का, हे साध्या मल्टिमीटरने कळते.

सेन्सर काय करतो?

आपण रेस देतो तेव्हा इंजिनात हवा सोडणारी झडप उघडते. ती किती उघडली हे सेन्सर गाडीच्या संगणकाला कळवतो. त्यावरून पेट्रोल किती सोडायचे ते ठरते. जुन्या पद्धतीचा सेन्सर रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा असतो. बटण झिजले की रेडिओ खरखरतो. सेन्सरची पट्टी झिजली की गाडी अडखळते.

लक्षणे

रेस देताच गाडी धक्के देते, उभ्या गाडीचे इंजिन कधी जोरात तर कधी मंद चालते, रेस सोडताच बंद पडते, इंजिनचा पिवळा दिवा लागतो. मात्र एअर फिल्टर चोंदला, झडपेवर काजळी बसली किंवा पेट्रोल नीट येत नसले, तरी यातली बरीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी ते पाहावे.

तपासणी

घाटात नव्हे, सपाट जागी करावी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. जवळ विडी-काडी नको.

१. सेन्सरचे सॉकेट व वायरी पाहाव्यात. सॉकेट सैल आहे का, पिनांवर हिरवा गंज आहे का, उंदरांनी वायर कुरतडली आहे का? भीमाशंकरच्या पावसात सॉकेटमध्ये ओल शिरणे सहज शक्य आहे. तसे असेल तर सुकवून, साफ करून पुन्हा गाडी चालवून पाहावी.

२. चावी बंद करून सॉकेट काढावे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. इंजिन सुरू न करता चावी ऑन करावी. सॉकेटला बहुधा तीन वायरी असतात: पुरवठ्याची, अर्थची आणि निरोपाची. पुरवठा व अर्थ यांमध्ये सुमारे ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. नसतील, तर दोष सेन्सरचा नाही. वायर, अर्थ किंवा संगणक तपासावा.

३. चावी बंद करून सॉकेट पुन्हा बसवावे, मग चावी ऑन करावी. निरोपाच्या वायरीला सॉकेटच्या मागून बारीक पिन लावावी. वायरीला भोक पाडू नये. मीटरची काळी वायर अर्थला लावावी. झडप बंद असताना सुमारे अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास येतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला मानावा.

४. रेस अगदी हळूहळू द्यावी. व्होल्ट एकसारखा चढला पाहिजे. मध्येच शून्यावर पडला किंवा उड्या मारू लागला, तर वायर हलवून पाहावी. वायर हलवल्याने आकडा बदलत असेल तर दोष वायरीचा. वायर व सॉकेट ठीक असूनही आकडा त्याच जागी तुटत असेल, तर सेन्सर बदलावा.

नव्या गाड्यांसाठी

अनेक नव्या गाड्यांत रेसची तार नसते. मोटर झडप उघडते आणि सेन्सरला निरोपाच्या दोन वायरी असतात. अशा गाडीची झडप बोटाने ढकलू नये. मेकॅनिककडे स्कॅनर लावून तपासावी. पी ०१२२ हा कोड निरोपाचा व्होल्ट फार कमी असल्याचे सांगतो, पी ०१२३ फार जास्त असल्याचे. पण कोड दोषाचा रस्ता दाखवतो, भाग नव्हे. तुटक्या वायरीनेही तोच कोड येतो.

लक्षात ठेवा

आधी सॉकेट, मग ५ व्होल्ट, मग निरोप. सेन्सर सर्वांत शेवटी. इंजिन धुताना सॉकेटवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. आणि दोष सापडेपर्यंत गाडी भरून घाटात घालू नये.